कापलेलं कुठे जातं

साखर पेठेत खाली टॉवेलचं गोडाऊन,
वर माझी खोली: दोन मॉनिटर, एक टेबलफॅन,
आणि भिंतीला लागून येमुलांचे चार पॉवरलूम.
लोक विचारतात, एवढ्या खडखडाटात
तुला आवाज कसा ऐकू येतो?
लाईट गेली, लूम थांबले,
की मला काही ऐकू येत नाही.

बाप साच्यावर होता.
हजारो तार एकदम पळायचे,
त्यातला एक तुटला की
तो भाकरीचा घास हातात धरून मान वर करायचा.
उठून जायचा, बोटांनी नेमका तो शोधायचा,
थुंकी लावून गाठ मारायचा.
गाठ दिसेल की, मी म्हणायचो.
घेणारा चादर बघतो बे, गाठ नाही.

घरात आम्ही तेलुगू.
आई वाढायला लागली की तो ताटावर हात आडवा धरायचा: चालु.
चालु म्हणजे पुरे.
शाळेत मास्तरांनी सांगितलं, चालू म्हणजे सुरू असलेलं.
मी बरेच दिवस गोंधळलो
आणि तो गोंधळ घेऊनच मुंबईला गेलो.

तिथे नऊ वर्षं मिस्किटाबाईंच्या हाताखाली.
पांढरे सुती हातमोजे, ॲसिटोनचा वास,
खिळ्यांना टांगलेल्या फिल्मच्या पट्ट्या,
माणसं उलटी लोंबकळत, हसत, मध्येच तुटलेली.
बाई पेन्सिल दातात धरून सांगायच्या,
रडण्यावर कापू नकोस.
रडू फुटायच्या आधी काप,
नाहीतर पार नंतर, ती नाक पुसेल तेव्हा.
एका सिनेमात माझं नाव आलं. गाजेलीचं गजेली झालेलं.
थिएटरात बापाला दाखवेपर्यंत पुढची नावं आली.

मग कॉम्प्युटर आले, बाई वसईला भावाकडे गेल्या,
मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने इकडे.
आता लग्नं कापतो.
मामाला कमी दाखवा, वाटणीचं भांडण झालंय.
ही पहिली सून, हिला काढा.
आमच्या अण्णांना शेवटच्या पंगतीतनं
पहिल्या पंगतीत बसवता येईल का?
येतं. सगळं येतं.

गेल्या बुधवारी रत्नमाला बुर्ला आली.
भावाच्या लग्नाची व्हीएचएस, बुरशी लागलेली,
जुन्या पातळात गुंडाळून.
म्हणाली, वडलांचा एक फोटो नाही घरात.
ह्यात कुठं तरी असतील.
लई पळलालते त्या दिवशी.

चार रात्री कापूस आणि स्पिरिट.
सापडले, अकरा सेकंद, चार तुकड्यांत.
बर्फाची लादी खांद्यावर, पाठमोरे.
मग ग्रुप फोटोच्या कडेला,
कुणीतरी हाताने बाजूला सारताना.
मग उभ्यानेच बुंदी खाताना, भिंतीकडे तोंड करून.
आणि शेवटी, तीन सेकंद, सरळ कॅमेऱ्याकडे.

काहीतरी बोलले. वर बँड वाजतोय.
मी ओठ बघितले पुढे, मागे, पुढे.
चालु.

आता पुरे, मला नको काढू, असं?
की मशीन चालू आहे का बाबा, असं?
तिला विचारलं. ती बराच वेळ
पडद्याच्या काचेवर बोट ठेवून बसली.
म्हणाली, दोन्ही बोलायचे ते.
मग, ह्या तुकड्यांचा रेट काय?
मला रेट माहीत नव्हता.
तिने शेंगाचटणीची पुडी की-बोर्डवर ठेवली.

स्लो मोशन केलं नाही. गाणं घातलं नाही.
बँड तसाच राहू दिला, फाटका.
शेवटी फक्त एक ठरवायचं होतं.
कॅमेरावाला तिथून वळतो, नवरीच्या मेंदीकडे.
माणूस गेल्यावर लगेच कापता आलं असतं, स्वच्छ.
पण त्या मेंदीच्या दोन फ्रेम मी ठेवल्या.
नाहीतर वाटलं असतं,
तोच उठून गेला.